पुसून गेली तर भुरी

काचीगुड्यातलं ते घर पावसाळाभर ओल धरायचं. कुसुमताई तुळजापूरकडच्या द्राक्षबागायतदाराची लेक. पांढरा डाग दिसला की आधी फडक्यानं पुसून बघायच्या. पुसून गेली तर वरवरची भुरी, नाही गेली तर आत मूळ धरलेली बुरशी.

आज सकाळी भिंतीवरचे डाग काही केल्या निघेनात. शेजारीच त्यांचे यजमान एकनाथराव भिंतीला टेकून पेपर वाचत होते. त्यांच्या कानावरही पांढरं काहीतरी दिसलं.

"अहो, हलू नका जरा," म्हणत कुसुमताईंनी फडकं फिरवलं.

पांढरं सहज निघालं. पाठोपाठ कानही पुसला गेला. रक्त नाही, काही नाही. तिथं मागच्या भिंतीचा पोपटी रंग दिसत होता.

"गेलं का गं?" एकनाथरावांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. "गालालाही असेल बघ. पूस."