चुकलेला घाव

बहात्तरच्या दुष्काळात बानाबाई वेरूळच्या रस्त्यावर खडी फोडत होती. जेवणाच्या सुट्टीत ती नवऱ्याला ओढत कैलास लेणं बघायला पळाली. “उशीर झाला तर उद्यापासून काम बंद,” मुकादमानं बजावलं होतं. हे लेणं देवांनी एका रात्रीत कोरलं, असं सासू सांगायची. बानाबाईनं हात जोडले आणि सवयीनं दगड चाचपला. दगडी हत्तीच्या पायामागं तिचं बोट थबकलं. तिथं तिरका ओरखडा होता. घाव चुकला की तिच्याही दगडावर अस्साच उठायचा. “अवं, हिकडं या!” ती ओरडली. “इथं घाव चुकलाय! देव कशाला चुकंल? माणसानंच केलंय ह्ये!” नवऱ्यानंही बोट फिरवलं आणि तो खुदकन हसला. धावतपळत परतले, तरी सुट्टी संपलीच होती. “कुठं होता?” मुकादम डाफरला. बानाबाई धापा टाकत म्हणाली, “मुकादम, आपली माणसं भेटली, लई वर्सांनी!”