रोशा गवताचं तेल

तानाबाई अंथरुणाला खिळली, तेव्हापासून दारव्ह्याच्या त्या घरात रोशा गवताच्या तेलाचा डिफ्यूजर दिवसभर चालू असतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सून सुरभी सांगते, "आईंनी तरुणपणी जंगलातून हेच गवत कापून आणलं, भट्टीवर त्याचं तेल काढलं. या वासानं त्यांचं मन शांत राहतं, झोपही लागते." पाहुणे दीर्घ श्वास घेतात आणि सुनेचं कौतुक करत चहा पितात.

आज सुरभी चहा ठेवायला आत गेली, तशी तानाबाईनं शेजारच्या पंचफुलाला जवळ बोलावलं.



"मले तं करोनापासून कायचाच वास येत नाही, पंचफुले. तिले म्हण, तेल राहू दे, माह्या खालची चादर तेवढी बदलव."