पाठराखण

बेकरीवाल्याच्या पावात पाल निघाली, अशी आवई उठली आणि सकाळची रांग बघता बघता आटली. पाल कुणी पाहिली नव्हती, कुणाच्या घरच्या पावात निघाली तेही कुणी सांगेना; पण ऐकलं मात्र सगळ्यांनी होतं.

"मामंजींनी पेटवलेली भट्टी," बायको म्हणाली, "आपल्या हातानं विझवायची वेळ आली हो."

सगळ्यांनी पाठ फिरवली, तेव्हा पाठीशी उभा राहिला तो एकटा समोरचा सलूनवाला. लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या खुर्चीत दाढीला बसलं की बेकरीवाल्याच्या जिवाला तेवढाच विसावा.

"तू काळजी करू नकोस रे," त्याच्या तोंडावर गरम टॉवेल टाकत सलूनवाला म्हणाला. "येईल त्या गिऱ्हाइकापाशी मी तुझी बाजू घेतो. एकालाही सोडत नाही."

टॉवेलखाली बेकरीवाल्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दार वाजलं. "आजच राहायला आलोय या गल्लीत, अजून कुणाशी ओळखसुद्धा नाही," एक नवखा आवाज म्हणाला. "इथं चांगला पाव कुठं मिळतो हो?"

"हे काय, समोरच! डोळे झाकून घ्या," सलूनवाला म्हणाला, आणि टॉवेलखालच्या दोस्ताचा खांदा त्यानं मायेनं दाबला.

"आणि त्यात पाल निघाली म्हणतात ना, त्यावर मुळीच विश्वास ठेवू नका."