हलव्याचा कंबरपट्टा

"चिमे, हे आपल्या दोघांतच राहू दे," आजोबा फोनमधल्या सात महिन्यांच्या नातीला म्हणाले. तिकडे कॅलगरीत लेक फोन बाळासमोर टेकवून बाटल्या धुवायला गेली होती. इकडे धुळ्यात आजी भाजी आणायला.

"तुझ्या मामाला आणखी एका मुलीनं नकार दिला. मी हुरडा खायला गेलो आणि शेतातल्या माळ्यावरून पडलो. आजीला सांगितलंय, योगासनांत लचक भरली. आणि तुझ्या बोरन्हाणासाठी आजीनं महिनाभर खपून हलव्याचे दागिने केले ना, त्यातला कंबरपट्टा मी खाल्ला. शुगर आहे म्हणून घरात मला कुणी गोड देतच नाही. दोरा मात्र प्रामाणिकपणे पार्सलमध्ये घातलाय."

बाळानं थुंकीचा फुगा काढला. आजोबांनी ती संमती समजली.

बोरन्हाणाच्या दिवशी आजी-आजोबा दोघं फोनसमोर बसली.

"आई, कंबरपट्ट्याचा नुसता दोराच आलाय गं!" लेक म्हणाली.

"चिमीनं खाल्ला असेल," आजोबा म्हणाले.

"बाबा, खोका आत्ता उघडलाय! आणि तिला दात तरी आहेत का?"

आजी सावकाश आजोबांकडे वळली. तेवढ्यात चिमीनं गळ्यातला हलव्याचा हार तोंडाशी नेला, मनापासून चाटला आणि आजोबांकडे बघून खुदकन हसली.

"बघ! रंगेहाथ सापडली!"

"सापडली खरी," आजी म्हणाली. "लहान आहे, तिला माफ. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त मात्र तुम्ही द्यायचं."