बांधा

तांडेल आजोबा तापाच्या भरात सलाईनची नळी ओढत होते आणि एकच शब्द घोकत होते, "बांधा, बांधा."

"ऐकलंत ना सिस्टर, स्वतःच सांगताहेत," डॉक्टर म्हणाले. "हात बांधा. फॉर्मवर लिहा, रुग्णाची संमती आहे." आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं आणि भिंतीवर पाण्यासारखं हलत होतं. फिलोमिना सिस्टरने आजोबांच्या मनगटाला पट्टी गुंडाळली, तसे ते जास्तच कासावीस झाले. भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, "माका न्हय रे. होडी बांधा. भरती इली."

सिस्टरनेही भिंतीकडे पाहिलं. पाणी खरंच चढत होतं. तिने मनगट सोडवलं आणि पट्टीचं टोक आजोबांच्या मुठीत दिलं. डोळे मिटूनच त्यांनी खाटेच्या दांडीला गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली आणि हात छातीवर ठेवले. त्यांचा श्वास संथ होत गेला. सगळा वॉर्ड जागच्या जागी हलकेच डुलतोय, असं सिस्टरला वाटलं.

डॉक्टर परतले तेव्हा संमतीचा रकाना कोराच होता.

"संमती कशाची होती, ते ऐकून घेतलं मी," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरांनी दांडीवरची पट्टी सोडायला हात घातला. गाठ हलेना.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "भरती ओसरली की आजोबाच सोडतील."