पेवातले स्वामी

जेसीबीचं बकेट वर गेलं आणि खड्ड्यात महामायाला काळं काळं दिसलं. जळकी ज्वारी. भोवती दगडाचं गोल तोंड. धान्य साठवायचं पेव होतं ते, सात-आठशे वर्षांचं. जुन्या मठाच्या दासोहाचं. येईल त्याला, कोण कुठला न विचारता, जेवू घालायचे तेव्हाचं.

मठाच्या भक्तनिवासाचा पाया खोदणं चालू होतं, आणि त्यात जुनं काही निघतंय का हे बघायला पुरातत्त्व खात्यानं तिला तिथं उन्हात उभं केलं होतं.

"बजरंगभाऊ, थांबवा. जुनं बांधकाम हाय."

"मॅडम, काल खापर निघालं तवाबी तुमी हेच म्हणल्या. परवा मडक्याचा कान निघाला तवाबी हेच." जेसीबीवाल्या बजरंगनं तंबाखू या गालातून त्या गालात सरकवली. "आज काय निघालं, नाक?"

"काम बंद ठेवायचं पत्र मागवते मी नांदेडहून."

"मागवा की. तवर भिंती उभ्या ऱ्हातेत."

बकेट खाली यायला लागलं. साहेबांचा फोन लागत नव्हता. कायदा तर सकाळीच सांगून झाला होता. मग महामायाला कॉलेजातली थापा मारायची जुनी खोड आठवली. तिनं चपला काढून लांब भिरकावल्या, हात जोडले आणि ठणकावून सांगितलं,

"समाधी हाय. स्वामी बसलेत आत."

बकेट हवेतच थांबलं. बजरंगनं तंबाखू थुंकली, इंजिन बंद केलं आणि अनवाणी खाली उतरला. महामायानं वाकून नमस्कार केला, तो हसू लपवायला. ज्वारीला एवढा मान कुणी दिला नसेल.

ताडपत्री आणि नमुन्यांच्या पिशव्या आणायला ती खुशीत उदगीरला गेली. परत आली तर मंडप पडला होता. नारळ फुटत होते. कळशीभर दूध पेवात ओतून झालं होतं, आणि पलीकडं समाधीच्या ओट्यासाठी सिमेंटचा मिक्सर गरगरत होता. मठाच्या ट्रस्टचे गुरुबसप्पा पेवाभोवती बांधलेल्या दोरीच्या आत उभे होते.

"काका, ते पेव हाय. ज्वारीचं. काम थांबावं म्हणून मी खोटं बोलले."

"सकाळी समाधी, आता पेव. अंधार पडला की आड म्हणाल." मंडळी हसली. "मॅडम, तुमच्या तोंडून स्वामीच बोलले. आता तुमी न्हाई म्हणून चालत न्हाई."

"निदान आत उतरू द्या. मूठभर दाणे तेवढे घेते."

"गळ्यात इष्टलिंग असलेलाच आत उतरतो, बाई. तुमच्या गळ्यात काय हाय?"

महामायाचा हात गळ्याकडं गेला. खात्याचं ओळखपत्र होतं, उन्हानं वाकडं झालेलं.

गुरुबसप्पांनी चष्मा वर केला, कार्ड हातात धरलं. नाव वाचलं. मग आडनाव वाचलं. मग कार्ड अलगद सोडून दिलं आणि मिक्सरवाल्याला हात केला. सिमेंटचा काला धबधब पेवात पडला.

"जेवून जावा, मॅडम," ते लई मायेनं म्हणाले. "आज दासोह हाय. मठातून कुणी उपाशी जात न्हाई. तुमचं पान तिकडं गेटापाशी मांडायला सांगतो."