तळहाताएवढी ओल

कंत्राटदाराच्या पणजोबांनी या घराच्या भिंती उभारल्या, आजोबांनी गिलावा केला, वडिलांनी रंग दिला. आणि या तिघांच्या नावावर जगणाऱ्या त्याने सात वर्षांपूर्वी याच घरातली पुराने भिजलेली भिंत वाळण्याआधीच रंगवून टाकली. त्या खोलीत निजणारी म्हातारी खोकून खोकून गेली.

यंदा पुन्हा पाणी शिरले. म्हातारीच्या सुनेने त्यालाच बोलावले, तेव्हा त्याला मान वर करवेना.

या खेपेस त्याने गिलावा विटेपर्यंत खरवडला. नऊ दिवस पंखे फिरले. ओल मोजायचे यंत्र सगळीकडे शून्य दाखवू लागले. फक्त म्हातारीच्या खाटेच्या उशाशी तळहाताएवढी जागा ओलीच राहिली.

"ताई, या भिंतीत नळ तर नाही ना?"

"नळ कुठला, दादा! तुम्हीच खोदून पाहिलंत की. का यंदाही रंग फासून मोकळे होताय?"

ती आत गेली. त्याने त्या जागेवर हात टेकवला आणि पुटपुटला, "आजी, भिंत ओली होती. मला ठाऊक होतं."

हाताखालची वीट हळूहळू कोरडी होत गेली. यंत्रावर शून्य आले.

मग त्याच्या छातीत काहीतरी गार उतरले, आणि तो खोकून खोकून वाकला.

आतून सुनेची घाबरी हाक आली, "सासूबाई?"